विशेष काही आढळले नाही

११ जानेवारी

भोंगेसाहेब,

तुझं पार्सल मिळालं. आपली लेक दुकानात घेऊन आली, काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबांनी फ्रेम करायला दिलंय. मला काही विचारू नकोस." मी दोरी सोडली, खाकी कागद काढला, तर आत तुझ्या छातीचा एक्स-रे.

सोबत चिठ्ठी. 'काळ्या लाकडाची चौकट, पांढरा माउंट, न चमकणारी काच. इतकी वर्षं ओढूनही छाती स्वच्छ. हॉलमध्ये लावायचा आहे. रिपोर्ट पाठीमागे चिकटव.'

रिपोर्ट वाचला. एकच ओळ आहे. 'विशेष काही आढळले नाही.' आपल्या संसारावर इतकं नेमकं वाक्य मलाही सुचलं नसतं.

तुला 'तू' म्हणतेय हे खटकलं असेल. लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणत आले ते तुझ्या आईच्या डोळ्यांकडे बघून. त्या गेल्या, मग लग्नही गेलं, आता एकट्या 'अहो'ला कवटाळून बसण्यात अर्थ नाही. आणि पत्र लिहितेय कारण फोनवर तू मध्येच बोलतोस. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. कागदाचे माझ्यावर बरेच उपकार आहेत, त्यातला हा एक.

फ्रेम होणार नाही. माझ्याकडे लोक लग्नाचे फोटो आणतात, बाळांच्या पावलांचे ठसे आणतात, गेलेल्या कुत्र्याचा पट्टासुद्धा आणतात. मी सगळं प्रेमाने काचेत घालून देते. बढाई मात्र मी काचेत घालत नाही. तुझी तर घरात मावत नव्हती, चौकटीत काय मावणार.

मी घर का सोडलं ते अजून कुणाला पटत नाही. लोकांना वाटतं तुझं बाहेर काहीतरी असणार. तसं असतं तर बरं झालं असतं, सांगायला तरी सोपं. 'धुरामुळे सोडलं' म्हटलं की बायका माझ्याकडे अशा बघतात, जसं काही मी घोरण्यामुळे काडीमोड घेतलाय. त्यांनी तुझी उशी हुंगलेली नाही. त्यांनी दर महिन्याला पडदे भिजवून बादलीतलं पिवळं पाणी ओतलेलं नाही. त्यांची लेक दप्तरात दम्याचा पंप घेऊन शाळेत गेलेली नाही. तू मात्र बाल्कनीत जाऊन ओढायचास आणि त्याला त्याग म्हणायचास. दार उघडं टाकून.

आता तू आजोबांचं सांगशील. ते नव्वदीपर्यंत ओढत होते. होते, मान्य. त्यांच्याबरोबर कट्ट्यावर बसून ओढणारे बाकीचे कुठे आहेत? ते सांगायला आलेच नाहीत, म्हणून तुझ्या आजोबांचं तेवढं ऐकू येतं.

फिल्म माझ्याकडे आहे. कुणाला तरी पाठव आणि घेऊन जा.

— फ्रेमवाली


२ फेब्रुवारी

भोंगेसाहेब,

तू कुणाला पाठवलं नाहीस. ठीक. फिल्म दुकानात माउंटच्या पुठ्ठ्यांमागे पडून आहे. तिला धूळ लागणार नाही, एवढं मी बघते. ती माझी सवय आहे, तुझ्याबद्दल काही नाही.

लेकीने तुला सांगितलंच असेल म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. माझ्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करायचं ठरलं, त्याआधी छातीचा एक्स-रे काढतात तसा काढला. सर्जनने तो बघितला आणि ऑपरेशनची तारीख खोडली. उजवीकडे वर, गळ्याच्या हाडाखाली, पांढरा ठिपका आहे. "आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा," म्हणाला. जास्त काही बोलला नाही. जे डॉक्टर जास्त बोलत नाहीत त्यांची भीती वाटते हे मला तेव्हाच कळलं.

मी घरी आले, भाजी निवडली, सगळी निवडून झाल्यावर लक्षात आलं की देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात गेलीत.

मग तुझी चिठ्ठी आली. लेकीने मला ती द्यायला नको होती, पण ती बिचारी अजूनही समजते की आई-बाबांमध्ये निरोप पोचवणं हे चांगल्या मुलीचं काम. तू लिहिलंयस, 'काळजी करू नकोस. पण बघ, मी म्हणत होतो तेच खरं ठरलं. तू कधी ओढली नाहीस आणि डाग तुझ्या छातीत. मी ओढली आणि स्वच्छ. सिगरेटचा काही संबंध नसतो, जे व्हायचं ते होतं.'

मी ही चिठ्ठी दुकानात उभी राहून वाचली. गिऱ्हाईक समोर होतं, आरसा न्यायला आलेले एक आजोबा. ते म्हणाले, "बाई, वाईट बातमी का?" मी म्हटलं, "नाही, जुनीच आहे."

तुझ्यासारखा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बायकोला कदाचित कॅन्सर आहे म्हटल्यावर ज्याला त्यात आपल्या बाजूचा पुरावा दिसतो. घाबरलास असं तरी लिहायचं होतंस. खोटं लिहिलं असतंस तरी मी ठेवून घेतलं असतं.

छातीच्या डॉक्टर एक बाई आहेत, त्यांच्याकडे मंगळवारी जायचंय. तुझी फिल्म सोबत नेणार आहे. त्यांच्यापुढे दोन्ही ठेवून विचारणार आहे की, बाई, ओढणारा हा आणि भोगणारी मी, हा कुठला न्याय. तुझी परवानगी मागत नाही, कळवते आहे.

— फ्रेमवाली


१५ फेब्रुवारी

हे पत्र नीट बसून वाच. हसू नकोस. वाचताना ओढूही नकोस, निदान ते संपेपर्यंत.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठ्या. खोली छोटी, भिंतीला एक दिव्याची पेटी, खिडकीत एक वाळकं झाड. त्यांनी माझी फिल्म पेटीवर लावली, चष्मा वर केला, बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "काकू, लहानपणी कधी खूप दिवस ताप होता का?"

मला आठवेना. मग आठवलं. मी पहिलीत नाव घालूनही वर्षभर शाळेत गेले नव्हते. आई म्हणायची, अशक्त होतीस.

"तोच असणार," त्या म्हणाल्या. "क्षय होऊन आपोआप बरा होतो कधीकधी, आणि मागे असा चुन्यासारखा घट्ट डाग सोडतो. पण मी असणार म्हणते, आहे म्हणत नाही. सीटी करून खात्री करू." सीटी झाला. तोच निघाला. पन्नासहून जास्त वर्षं छातीत बसून राहिलेला एक मेलेला डाग. माझं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होईल. तू विचारलं नव्हतंस, तरी सांगितलं.

आता पुढचं. त्याच पहिल्या दिवशी मी पिशवीतून तुझी फिल्म काढली आणि माझं ते भाषण सुरू केलं, ओढणारा हा, भोगणारी मी वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि फिल्म पेटीवर लावली. माझं भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा लक्षात आलं की त्या ऐकतच नाहीयेत.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"नवरा होता. म्हणजे आहे अजून, पण माझा नाही. हॉटेलात सॅक्सोफोन वाजवतो. तिथल्या तपासणीत काढलाय. रिपोर्ट नॉर्मल आहे."

"किती ओढतात?"

"आम्ही मोजणं सोडून दिलं त्याला बरीच वर्षं झाली."

मग त्यांनी मला उठवून पेटीजवळ नेलं आणि दाखवलं. तू म्हणतोस ना की लोक सांगतात फुप्फुसं काळी पडतात आणि बघ, माझी फिल्ममध्ये काळीच आहेत तरी नॉर्मल? एक्स-रेमध्ये काळं म्हणजे हवा, पांढरं म्हणजे काहीतरी घट्ट. काजळीशी त्याचा संबंध नाही. तुझी छाती नको इतकी काळी आहे. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, अडकून राहते, फुप्फुसं फुगून लांब होतात, छाती आणि पोटाच्या मधला पडदा घुमटासारखा असायला हवा तो ताटासारखा सपाट होतो. हृदय दोन्हीकडून दाबून उभं, अरुंद. "हे धूर पिऊन झालेलं असतं," म्हणाल्या. "हे कुणीतरी लिहायला हवं होतं. पण माझं लक्ष इथे गेलं."

त्यांनी पेन्सिलीचं टोक डावीकडे ठेवलं. हृदयावर. "एक्स-रे म्हणजे सावली असते, काकू. बरगड्या, हृदय, रक्ताच्या नळ्या, सगळं एकावर एक पडतं. हृदयाच्या मागेही फुप्फुस असतं, ते पटकन कुणी बघत नाही. इथे मागचं थोडं काळं दिसायला हवं. इथे पांढरट आहे. आणि पडद्याची ही रेघ बघा, सरळ येते आणि इथे पुसली जाते."

"पण लिहिलंय की काही आढळलं नाही."

"आढळलं नाही म्हणजे नाहीच, असं होत नाही. किती शोधलं त्यावर असतं. आणि चांगलं शोधूनही साध्या एक्स-रेत लहान गाठ सुटते. इतकी वर्षं ओढणाऱ्याने एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होऊच नये. मी न तपासलेल्या माणसाचं निदान करत नाही. तो जुना डागही असेल, कफ असेल. पण त्यांना सीटी करायला सांगा. आणि फुंकायची तपासणी. लवकर."

तुला खरं सांगते. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. स्वच्छ, उघडा आनंद. इतक्या वर्षांनी कुणीतरी दिवा लावून, पेन्सिलीने दाखवून सांगितलं की मी बरोबर होते. जिना उतरताना तो होता. रस्ता ओलांडताना होता. बसस्टॉपवर पोचले तोवर तो संपला होता. त्यानंतर काय वाटलं ते लिहिणार नाही. तेवढा हक्क तुझा उरलेला नाही.

दवाखान्याचा पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय. मंगळवार आणि शुक्रवार सकाळी त्या असतात. मी तुझं नाव देऊन ठेवलंय. जा.


२७ फेब्रुवारी

भोंगेसाहेब,

तू गेला नाहीस. माझं ऑपरेशन झालं, मी पोटाला पट्टा बांधून पडले होते, आणि लेक माझ्या उशाशी बसून रडत होती. माझ्यासाठी नाही. तू तिला म्हणालास, "तुझी आई सूड उगवतेय. तिचं स्वतःचं काही निघालं नाही, म्हणून माझ्यात काढतेय."

आणि तिच्याजवळ निरोप दिलास की एक्स-रे काढणाऱ्यांनी नॉर्मल दिलाय, ते काय मूर्ख आहेत का, आणि दुकानदारीसाठी डॉक्टर लोकांना घाबरवतातच. शिवाय तुझा दम उत्तम आहे, कारण रोज दोन तास सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची फुप्फुसं म्हणजे लोहाराचा भाता असतो.

बरं. मग भात्याबद्दल बोलू.

याच महिन्यात, डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्यावर, त्या शनिवारी मी तुझ्या हॉटेलात आले होते. वर गॅलरीत, खांबाच्या मागच्या टेबलावर बसले. एक चहा घेतला आणि तो गार होऊ दिला. तू तोच निळा कोट घातला होतास, कोपरावर चमकणारा. वाजवायला उभा राहिलास तेव्हा अजूनही बायका बोलणं थांबवतात, ते मी बघितलं. ते तुझं मान्य.

पण तू ती संथ धून वाजवलीस, जी तू मला बघायला आला होतास तेव्हा माझ्या काकांच्या घरात, कुणी सांगितलेलं नसताना वाजवली होतीस. तिची तिसरी ओळ लांब आहे. ती तू एका दमात न्यायचास, शेवटचा स्वर आणखी धरायचास आणि माझ्याकडे बघायचास, कसं काय म्हणून. शनिवारी तू ती ओळ दोनदा तोडलीस. पहिल्यांदा श्वास घेतलास आणि स्वर खाली बसला. दुसऱ्यांदा तू थांबलासच, आणि कीबोर्डवाल्याने पटकन हात पसरून मधली जागा भरून काढली, जसं काही आधीच ठरलं होतं. लोकांना कळलं नाही. तो तुझ्याकडे बघतही नव्हता. माणूस ज्याला झाकायचं असतं त्याच्याकडे बघत नाही.

आणि धून संपल्यावर, टाळ्यांमध्ये, तू वाकलास तेव्हा तुझा डावा हात खुर्चीच्या पाठीवर होता. नमस्कार करायला इतका आधार कधीपासून लागतो?

म्हणजे कीबोर्डवाल्याला माहीत आहे. तो तुझी लाज राखतो आणि ते तुला चालतं. मी सांगितलं तर तो सूड. त्याची दया गोड, माझी कडू.

तू मेलास तर मी रडेन की नाही, हे मला माहीत नाही. पण तू खोटं वाजवत मेलास हे मला सहन होणार नाही. तुझ्यात तेवढी एकच गोष्ट खरी होती. तिच्यासाठी मी त्या धुरात इतकी वर्षं काढली. ती ओळ तू पुन्हा एकदा तोडलीस तर वरच्या गॅलरीतून मी उठून निघून जाईन, आणि या वेळी तुझ्या लक्षात येईल असं.

— फ्रेमवाली


३० मार्च

भोंगेसाहेब,

तू नातेवाइकांना सांगत फिरतोयस ते माझ्या कानावर आलं. तुला म्हणे स्वतःलाच शंका आली आणि तू स्वतःहून तपासणी करून घेतलीस. डॉक्टरसुद्धा म्हणाल्या, इतके जागरूक रुग्ण कमी असतात. तुझ्या मोठ्या वहिनींनी मला फोन करून तुझं कौतुक केलं.

मी तिथे होते, म्हणून लिहून ठेवते. लेकीला सुट्टी मिळाली नाही म्हणून आले. दुकान तसंही बंदच ठेवायचं होतं, काच यायची होती.

तू दहा मिनिटं दारात उभा राहिलास आणि मला म्हणालास, "तू आत चल. नाही, तू बाहेर थांब. नाही, आत चल." जागरूक रुग्ण तो असा.

फुंकायच्या तपासणीला त्या मुलीने नळी तोंडात दिली, नाकाला चिमटा लावला. म्हणाली, "काका, पूर्ण श्वास घ्या आणि जोरात सोडा, मी थांबा म्हणेपर्यंत सोडत राहा." तू माझ्याकडे बघून डोळा मारलास. मग फुंकलंस. ती "अजून, अजून, अजून, काका, थांबू नका" म्हणत राहिली आणि तू आधीच संपला होतास. तोंड जांभळं. खोकला असा आला की तू खुर्ची धरलीस.

"मशीन बिघडलंय," तू म्हणालास.

"परत करू, काका," ती म्हणाली. तिला अशा मशीन बिघडलेल्या माणसांची सवय असावी. परत केलं. मग परत. तिन्ही वेळा मशीन तसंच बिघडलेलं.

डॉक्टरीणबाईंनी आकडे बघितले. म्हणाल्या, "काका, तुमच्या वयाच्या, तुमच्या उंचीच्या माणसाने पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर टाकायला हवी, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त तुम्ही टाकता. वाजवताना पोटाचा जोर, ओठांचा सराव, यावर तुम्ही निभावून नेत होतात. कलाकार आहात म्हणून कळायला उशीर झाला."

तू त्यातलं फक्त 'कलाकार आहात' एवढंच ऐकलंस. तुझ्या चेहऱ्यावर दिसलं.

सीटीचं तर तू कुणाला सांगतच नाहीस. गाठ होती. हृदयाच्या मागे, डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात, त्यांनी पेन्सिल ठेवली होती बरोबर तिथे. सुईने तुकडा काढला, तपासला, कॅन्सर निघाला. हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा तू म्हणालास, "पण रिपोर्ट नॉर्मल होता." शांतपणे. लहान मूल 'पण तू प्रॉमिस केलं होतंस' म्हणतं तसं. त्या क्षणी मला तुझा राग आला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. नंतर लगेच आला.

पुढचं तुला आठवत नसेल, कारण तू खिडकीकडे बघत होतास. मी ऐकलं. गाठ लहान आहे. दुसरीकडे पसरलेली दिसत नाही. तेवढा भाग काढून टाकला तर बरं होण्याची चांगली आशा आहे. पण डाव्या फुप्फुसाचे दोनच कप्पे, त्यातला एक गेल्यावर उरलेल्यावर तुझं भागेल का, हे सर्जनला ठरवायचंय, कारण बाकीचं तू फुंकून टाकलंयस. "आज सोडलीत," त्या म्हणाल्या, "तर महिन्याभरात ऑपरेशनचा विचार करता येईल. गेलेलं फुप्फुस परत येत नाही, काका. उरलेलं टिकतं."

"हळूहळू सोडली तर?"

"तर ऑपरेशनही हळूहळू करू," त्या म्हणाल्या. ही बाई मला आवडते.

बाहेर आलास, खिशातून पाकीट काढलंस, आणि मला वाटलं आता फेकणार. तू एक काढलीस आणि शिलगावलीस. दवाखान्याच्या पायरीवर. मी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. तू ती अर्धी ओढलीस, माझ्याकडे बघितलंस, विझवलीस, आणि उरलेलं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकून इकडे आलास. म्हणालास, "वास येतोय का?"

येत होता. मी नाही म्हटलं. आयुष्यात तुझ्याशी मी तेवढं एकदाच खोटं बोलले.

तेव्हापासून तू ओढलेली नाहीस असं लेक म्हणते. तिच्याशी तुसड्यासारखा वागतोस, वहिनींच्या अंगावर ओरडलास, च्युइंगम टेबलाखाली चिकटवतोस. वाग. तुझ्या तुसडेपणाचा कुणाला दमा होत नाही.

— फ्रेमवाली


२१ मे

भोंगेसाहेब,

तुझं पत्र आलं. पहिल्यांदाच चिठ्ठी नाही, पत्र. अक्षर वेडंवाकडं आहे, टाके दुखत असतील.

ऑपरेशनच्या दिवशी तू आत होतास तेव्हाचं विचारलंयस, म्हणून लिहिते. बाहेर लेक, मी, आणि तुझा तो कीबोर्डवाला. त्याने कुणाला विचारलं नव्हतं, आपणच आला. लेक सारखी उठून दारापाशी जात होती. मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवलं, म्हणजे तसं दाखवलं. कीबोर्डवाला मला म्हणाला, "वहिनी, मी आधीच बोलायला हवं होतं. पण ते रागावले असते." मी म्हटलं, "तो माझ्यावर रागावला ना, तेवढं पुरे आहे. तुमचं त्याला लागणार आहे पुढे." तो चांगला माणूस आहे. त्याच्याशी नीट वागायला शीक.

सर्जन बाहेर आले, टोपी हातात. म्हणाले, "निघाली. पूर्ण. आसपासच्या लसिकाग्रंथी तपासायला पाठवल्यात, पण दिसायला बरं दिसतंय." लेकीने माझा हात धरला. मी तिला धरू दिला. त्या ग्रंथींचा रिपोर्ट मग आठवड्याने आला, त्यांच्यात काही नव्हतं, ते तुला माहीत आहे.

नंतर तुला छातीतून नळी काढायच्या आदल्या दिवशी भेटायला आले. तू झोपला नव्हतास. पलंगावर उशांना टेकून बसला होतास आणि ते प्लास्टिकचं खेळणं ओढत होतास, तीन गोळे असलेलं. श्वास आत ओढला की गोळे वर चढतात. एक चढत होता. दुसरा थोडासा हलायचा आणि पडायचा. तू दर वेळी शिवी देऊन पुन्हा नळी तोंडात घेत होतास. अशाच चिकाटीने तू रियाज करायचास, लग्नाच्या पहिल्या वर्षांत, मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मी आत न येता परत गेले. नर्सने सांगितलं असेलच.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहिलंयस, 'मी तुझ्यासाठी सिगरेट सोडली. आता घर स्वच्छ आहे, भिंती रंगवून घेतल्यात, पडदे नवे आहेत. परत ये.'

येणार नाही.

आणि माझ्यासाठी सोडली असं पुन्हा म्हणू नकोस. तू माझ्यावर रागावलास की माझ्यासाठी सोडलेली गोष्ट परत धरशील, आणि तू माझ्यावर रागावणारच, कारण मी अशीच राहणार आहे. उरलेल्या फुप्फुसासाठी सोड. वाजवण्यासाठी सोड. सर्जन म्हणाले, सहा महिन्यांनी थोडं थोडं वाजवता येईल, छोट्या ओळी. मग छोट्या ओळींचं काहीतरी बसव. लांब ओळीवर तू जन्मभर पुरेशा टाळ्या घेतल्यास.

मला माझ्या घराची सवय झालीय. सकाळी उठल्यावर घरात चहाचा वास येतो आणि दुसरा कसलाच येत नाही. हे तुला क्षुल्लक वाटेल. मला ते साठीला मिळालं आणि मी ते कुणाला देणार नाही, तुला तर नाहीच.

रोज चालतोस असं लेक म्हणाली. खोटं असेल, पण निम्मं खरं असलं तरी चालेल.

आणखी एक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी सीटी, काही वर्षं तरी. ती तारीख मला कळवायची. लेकीला नाही, वहिनींना नाही, मला. तू बाहेर बाकावर बसायचंस. तुला एक चांगला शब्द ऐकू आला की तू उठून चालायला लागतोस, पुढचं ऐकत नाहीस. रिपोर्ट मी वाचेन. शेवटच्या ओळीपर्यंत. आणि मग त्यात काय आहे ते, तुला आवडो न आवडो, मी बाहेर येऊन तुझ्या तोंडावर सांगेन.

— मी